चांदरेघीचा नर

प्रणाली मारबतेचं काम दिवसभर ‘होय’ म्हणण्याचं होतं, आणि तेही तोंडानं नव्हे, बोटानं. नागपूरच्या पूरमैदान जैवनोंद केंद्रातल्या थंडगार खोलीत ती पडद्यासमोर बसे. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या डोहांतून आणि डबक्यांतून ‘लहरी’ यंत्रं निकाल पाठवत : या पाण्यात अमुक जातीची पाणनिवळी आहे, खात्री एवढी. प्रणालीनं आलेखावर नजर टाकायची आणि ‘होय’वर बोट टेकवायचं. कीटकशास्त्रात डॉक्टरेट केली ती याचसाठी का, असा प्रश्न तिला पहिल्या वर्षी पडत असे. पुढे पडेनासा झाला.

पाणनिवळी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तिची चौकशी कोणी करत नाही. विहिरीत, तळ्यात, नदीच्या संथ कडेला पाण्यावर लांब पाय फाकून उभा असलेला आणि आपण वाकलो की सुळकन बाजूला होणारा तो किडा. त्याच्या पायांवर बारीक लव असते, लवेत हवा अडकते आणि पाण्याचा वरचा पापुद्रा पायाखाली दबतो पण फाटत नाही. जन्म, लग्न, भांडण आणि मरण सगळं त्या पापुद्र्यावरच. बोलणंही तिथंच. नर पायांनी पाण्यावर ठोके देतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा पसरतात. संथ ठोके बऱ्याच जातींचे जवळपास सारखेच असतात. जलद ठेका मात्र प्रत्येक जातीचा अगदी वेगळा. त्यावरून जात ओळखावी, चूक होत नाही.

पूर्वी हे काम फार किचकट होतं. गुडघाभर चिखलात उतरायचं, जाळीनं किडे पकडायचे, स्पिरिटमध्ये टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या पोटाचं शेवटचं टोक सुईनं उलगडून बघायचं. मादीवरून जात पक्की करता येत नाही, नरच लागतो. असं करता करता लोकांचे डोळे जात, पाठी जात. मग ‘लहरी’ आलं. ताटलीएवढं तरंगतं यंत्र. ते पाण्यावर प्रकाशाचा बारीक झोत सोडतं, पापुद्र्याची थरथर मोजतं आणि ठेक्यावरून जात सांगतं. तीन-चार वर्षांत जाळ्या अडगळीत गेल्या. केंद्रात पाणनिवळी हातात धरलेली माणसं दोनच उरली, एक प्रणाली आणि दुसरे तिचे वरिष्ठ रांगणेकर सर. सरांना आता गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं.

या किड्यांना एवढा भाव यायचं कारण म्हणजे नवा कायदा. वरच्या धरणात साचलेला गाळ उपसून कुठंतरी टाकायला हवा होता, आणि नदीकाठचे खोलगट डोह त्यासाठी फार सोयीचे होते. कायद्यानं ठरवलं की ज्या पाण्यात फक्त त्याच खोऱ्यात सापडणारी एखादी जात आहे ते पाणी ‘जिवंत’, त्याला हात लावायचा नाही. बाकीचं पाणी ‘सामान्य’. सामान्य पाण्यात गाळ टाकता येतो. पाणनिवळीच का, तर साबण, तेल, औषधं यांचा थोडा अंश जरी पाण्यात उतरला तरी पापुद्रा ढिला होतो आणि ती बुडते. शिवाय पाठीवर चंदेरी रेघ असलेल्या, फक्त याच खोऱ्यातल्या चांदरेघीसारख्या जातीला पंखच नसतात. पूर आला तरच तिला एका डोहातून दुसऱ्या डोहात जाता येतं. ती जिथं आहे ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं आहे, हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही. अशी चांदरेघी आता दोनच डोहांत उरली होती.

ज्येष्ठात एका सकाळी प्रणालीच्या पडद्यावर ‘बेलडोह, जुना पात्रखंड’ असं नाव आलं. चार जाती, चारही गावोगाव आढळणाऱ्या. दर्जा सामान्य. बेलडोहच्या लोकांनी त्या पाण्याला पात्रखंड कधी म्हटलं नव्हतं. नदीनं फार पूर्वी वळण सोडलं आणि मागे राहिलेल्या पाण्याला गावानं ‘बुढी’ म्हटलं. बुढीत शिंगाडे होत. प्रणालीची आई ती लहान असताना गेली, तेव्हा आईच्या थोरल्या बहिणीनं, अंतकला मोठीमायनं, तिला आपल्या डोंग्यात, छोट्या होडीत, घालून वाढवलं आणि शिंगाडे विकून शिकवलं. हे सगळं प्रणालीला त्या क्षणी आठवलं. तरीही तिनं ‘होय’ केलं, कारण आलेख बरोबर होता.

आठवड्यानं मोठीमाय केंद्रात आली.

ती जिना चढून थेट वर आली. हातात शिंगाड्याच्या पिठाची पिशवी, पायात गावच्या चिखलाच्या चपला, आणि सोबत प्रणाली ज्याला लहानपणापासून ओळखत होती तो अंगाचा ओलसर मासोळीचा वास. नेमके रांगणेकर सर टेबलापाशी उभे होते.

“या कोण?” सरांनी सहज, चांगल्या मनानं विचारलं.

“गावाकडच्या आहेत,” प्रणाली म्हणाली. “ओळखीच्या.”

का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. जीभ एकदम तशीच वळली. मोठीमायनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“हो जी,” ती सरांना म्हणाली. “ओळखीतलीच.”

प्रणालीचे कान तापले. ती घाईघाईनं मोठीमायला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेली. तिथं दोघी बाकावर बसल्या, पण प्रणालीला वर मान करून बघवेना. मोठीमायनं त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तुया यंत्रानं आमच्या बुढीले मेलेली म्हटलं म्हणते,” ती म्हणाली.

“मेलेली नाही, मोठीमाय. सामान्य म्हटलंय.”

“सामान्य म्हंजे का? गाळ तं टाकतेच ना?”

“टाकतील. पौषात.”

“मंग तेच झालं. एवढे आमचे घरं त्या पाण्यावर जगते वो पोरी. तुले काई करता येत असन तं पाह्य. नसन येत तं नाई.” एवढं बोलून तिनं चहा बशीत ओतून पिऊन टाकला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.

संध्याकाळी मोठीमायच्या मुलाचा, देवानंदचा फोन आला. देवानंद गावात मोबाइल आणि मोटारपंप दुरुस्त करत असे. डोकं त्याचं तल्लख होतं आणि कायद्याचं त्याला फारसं कौतुक नव्हतं.

“ताई, ते यंत्र पाण्यातलं पाह्यते का आयकते?”

“ऐकते म्हण.”

“मंग त्याले आयकवू ना. मोबाइल थरथरते त्याची मोटर असते चिमुकली. पाण्याले लावली का ठोकन. तू फक्त सांग, कसं ठोकाचं.”

प्रणालीनं त्याला झापलं. हा गुन्हा आहे, नोकरी जाईल, शास्त्र म्हणजे पोरखेळ नाही, असं बरंच काही सुनावलं आणि फोन ठेवला. पण ‘ओळखीच्या’ हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. आपण कधी कोणाच्या उपयोगी पडलो, हे तिनं आठवून पाहिलं आणि तिला काहीच आठवलं नाही. बुढीत चांदरेघी नाही, हे ‘लहरी’नं सांगितलेलंच होतं. जिथं ती नाहीच, तिथं तिचा ठेका वाजला तर कोणाचं काय जातं? दोन दिवस तिनं हा हिशेब उलटसुलट करून बघितला आणि तिसऱ्या दिवशी देवानंदला ध्वनिफीत पाठवली. चांदरेघीचा जलद ठेका. संथ ठेक्यात घोटाळा होऊ शकला असता, जलद ठेक्यात नाही. ओळख पटवणाऱ्याला जे हुकमी ते तिनं निवडलं.

श्रावण संपता संपता पडद्यावर निकाल आला. बेलडोह, चांदरेघी, खात्री जवळजवळ पूर्ण. रांगणेकर सर धावत आले, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं.

“प्रणाली, तिसरं ठिकाण! चाळीस वर्षं मी या खोऱ्यात फिरलो, मला नाही सापडलं. पावसानं हलवलं असेल का गं त्यांना तिकडे?”

“असेल, सर.”

प्रणालीचं बोट सवयीनं ‘होय’वर टेकलं. सरांच्या डोळ्यांत मात्र खरोखर पाणी आलं होतं, आणि ते बघताना प्रणालीला स्वतःची किळस आली.

त्या दिवशी मोठीमायचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. “वाचली वो बुढी! साऱ्या गावाले सांगतलं म्या, आमच्या पोरीच्या यंत्रानं पाणी ओळखलं म्हून!” मोटरीबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. देवानंदनं आईला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं ती उपटून फेकली असती.

‘जिवंत’ ठरलेल्या पाण्याची एकदा हातानं पडताळणी करावी लागे. कोणीतरी जाऊन नर पकडायचा, बघायचा, सोडायचा. केंद्रात जाळी धरता येणारी एकटी प्रणालीच होती. ती कार्तिकात बेलडोहला गेली. नर मिळाला नाही, हवामान प्रतिकूल, असं लिहून परत यायचं तिनं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी गावानं कार्यक्रम ठेवला होता आणि त्याला सर येणार होते.

दुपारी ती बुढीवर गेली. शिंगाड्याच्या पानांनी अर्धं पाणी झाकलेलं होतं. मधल्या मोकळ्या पाण्यावर ‘लहरी’ तरंगत होतं. यंत्र नेहमी मोकळ्या पाण्यातच ठेवायचं, असा नियम होता. पानांत लाटा अडतात आणि वाचन बिघडतं. दाखवण्यापुरते दोन फोटो काढावेत म्हणून ती पानांच्या कडेनं पाण्यात उतरली. किती वर्षांनी उतरत होती! पायाखालचा चिखल बोटांमधून वर आला आणि तिला अचानक फार बरं वाटलं. तिनं उगाच एकदा जाळी फिरवली.

जाळीत पाणनिवळी आली. तिनं ती तळहातावर घेतली आणि भिंग डोळ्याला लावलं. पाठीवर चंदेरी रेघ होती. पंख नव्हते.

प्रणालीनं भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. दुसरी पकडली. तिलाही रेघ. तिसरीलाही. ती इतकी आनंदली की एकटीच मोठ्यानं हसली. चांदरेघी बुढीत होती! आज आलेली नव्हती, पुरानं आणलेली नव्हती, कारण यंदा पूर इथवर चढलाच नव्हता. ती कधीपासूनची होती. ती शिंगाड्याच्या पानांत राहत होती, आणि तिचे ठोके पानांत अडून मोकळ्या पाण्यातल्या यंत्रापर्यंत पोचतच नव्हते. पाणी पहिल्यापासून जिवंतच होतं. जाळी घेऊन एकदा कोणी इथं उतरलं असतं, तर कोणाला काही खोटं करायची गरजच पडली नसती. आणि उतरायचं काम तिचंच होतं.

मग तिच्या लक्षात आलं की पकडलेल्या सगळ्या माद्या आहेत. ती नर शोधू लागली. पानांच्या या कडेला, त्या कडेला, काठावरच्या देवळाच्या पायरीखाली. माद्या मिळत होत्या, नर एकही नाही. ऊन उतरायला लागलं तसा देवानंद डोंगा घेऊन आला.

“ताई, मोटरा पाह्यल्या का? दिसते का कोठी? अशा लपवल्या का यंत्राच्या बापाले सापडणार नाई.”

“मोटरा? किती लावल्यास?”

“चार. एक यंत्राजवळ, तीन पानांत. एक बंद पडली तं दुसरी पायजे ना. सूर्यावर चालते, रात्रीले बॅटरीवर. एक मिनिट थांबल्या नाई श्रावणापासून.” तो अभिमानानं सांगत होता.

प्रणालीनं जाळीतल्या मादीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, “बुढीचं पाणी नदीत कुठून जातं रे?”

खालच्या अंगाला एक नाला होता. तिथं पाण्याला ओढ होती. पाणनिवळीला वाहतं पाणी सोसत नाही, पण नाल्याच्या तोंडाशी, काडीकचऱ्याला धरून, नर होते. थोडेच होते. कोणाचा एक पाय गेलेला, कोणाचे दोन. बाकीचे ओढीनं नदीत गेले असणार आणि नदीत मासे होते. प्रणालीनं एक नर भिंगाखाली धरला. पोटाचं टोक पाहिलं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

“हे इकडे काऊन आले?” देवानंदनं विचारलं.

उत्तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते.

“नर दोन प्रकारे ठोकतो, देवा,” ती म्हणाली. “हळू ठोकतो ते मादीला बोलवायला. जलद ठोकतो ते दुसऱ्या नराला. मी तुला जलद पाठवलं.”

“मंग? का म्हणते त्याच्यात?”

“‘ही जागा माझी आहे. चालता हो.’”

देवानंदनं वल्हं खाली ठेवलं.

“खरा नर दोन-चार वेळा म्हणतो आणि थांबतो. दमतो. मग दुसरा परत येतो. तुझी मोटर दमली नाही. रात्रंदिवस, चारही बाजूंनी, इतक्या जोरानं की कुठल्याच किड्याच्या पायात तेवढं बळ नसतं. ते इथून निघून गेले, देवा. मी त्यांना हाकललं. माझ्यासाठी तो ठेका म्हणजे दारावरची पाटी होती. तो कोणाला उद्देशून आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

“पण ताई,” देवानंद हळूच म्हणाला, “हे किडे खरंच हायेत ना इथी? मंग झालं तं. आपण खोटं बोललो अन् खरं निघालं. आता कोणाले काई सांगाची गरजच नाई.”

हेच तिच्याही मनात आलेलं होतं. म्हणूनच ते त्याच्या तोंडून ऐकताना तिला जास्त लाज वाटली.

“मोटरा आत्ताच्या आत्ता काढ.”

“आता काढल्या तं उद्या सरायसमोर यंत्र मुकं होईन. ते मोठ्या पडद्यावर दाखवणार हायेत म्हणते. माय समोर बसन. कार्यक्रम होऊ दे, मंग काढतो. तुई शप्पथ.”

प्रणालीनं नाल्याकडे पाहिलं, मग गावाकडे. “बरं,” ती म्हणाली. तिनं खरोखरच ‘बरं’ म्हटलं. एका दिवसानं काय बिघडणार, असा विचार करताना काय काय बिघडलं आहे ते तिच्या डोळ्यांसमोर काडीला धरून बसलेलं होतं.

घरी मोठीमायनं तिच्यासाठी मासोळीचा रस्सा केला होता. प्रणालीला दोन घासही गेले नाहीत. प्रवासानं थकली असेल, असं मोठीमायनं स्वतःच ठरवून टाकलं आणि तिचं डोकं चेपून दिलं.

सकाळी बुढीच्या काठावर मांडव घातला होता. पुढच्या सतरंजीवर बायका होत्या आणि त्यांच्या मधोमध नवं लुगडं नेसलेली मोठीमाय. शिंगाडे उकडलेले होते. ते केळीच्या पानांवर सगळ्यांना वाटले. रांगणेकर सरांनी पडदा लावून घेतला आणि लोकांना समजेल असं, अगदी आपुलकीनं बोलले. “ही पाहा, ही जी रेघ उड्या मारतेय, हा तुमच्या बुढीतला चांदरेघीचा नर आहे. आत्ता, या क्षणी बोलतोय. हे पाणी जिवंत आहे, हे आम्ही नाही, त्यानं सांगितलं.”

रेघ पडद्यावर भराभर उड्या मारत होती. जराही थकत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठीमायनं दोन्ही हात वर करून वाजवल्या. गर्दीत कोणीतरी ओरडलं, “बोल बाप्पा, बोल!” आणि सगळे हसले.

प्रणालीला वाटलं, आपण इथंच पाण्यात जावं आणि वर येऊ नये. सरांनी तिचं नाव घेतलं. ती उठली.

“नमस्कार,” ती म्हणाली. “काल प्रत्यक्ष पाहणी झाली. त्यात असं दिसलं की नोंदीत काही तांत्रिक त्रुटी राहून गेली आहे. बाहेरचा एक आवाज वाचनात मिसळला गेला होता. तेव्हा दर्जा पुन्हा तपासावा लागेल. गावानं सहकार्य करावं.” ती चटकन खाली बसायला वळली. कचेरीत अशी वाक्यं ती रोज लिहीत असे आणि त्यांत कोणाचाच हात नसे.

लोकांना काही कळलं नाही. सर चकित होऊन तिच्याकडे बघत होते. मोठीमाय मात्र पुढे वाकली होती.

“बसू नको,” ती म्हणाली. “उभी राह्य. आवाज मिसळला म्हणते. आपोआप मिसळला का कोणं मिसळवला?”

“मोठीमाय, आपण घरी—”

“घरी नाई. इथी साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. म्या वाजवल्या. इथीच सांग.”

प्रणाली उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. पडद्यावर उडतेय ती मोटर आहे. ठेका मी पाठवला. खरे किडे पानांत होते, पहिल्यापासून होते, मी कधी पाण्यात उतरून पाहिलं नाही. मोटरीनं नर हाकलून दिले. काल मला हे कळलं, तरी मी ती कालच बंद केली नाही, कारण आज माझी अब्रू जाईल अशी भीती वाटली. देवानंदचं नाव तिनं घेतलं नाही. पण ती बोलत असतानाच तो मांडवाबाहेर पडला, पँट वर न करता तसाच पाण्यात शिरला आणि आधी पानांतून, मग यंत्राजवळून एकेक मोटर उपसू लागला. चौथी निघाली तशी पडद्यावरची रेघ सपाट झाली.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. एकेक जण उठून गेला. उकडलेले शिंगाडे पानांवर तसेच राहिले. रांगणेकर सर खुर्ची धरून उभे होते आणि त्यांचं वय एकाएकी दिसायला लागलं होतं.

“नोंद रद्द होणार,” ते म्हणाले. “तुझ्यावर काय व्हायची ती कारवाई होईल, त्यात मी पडणार नाही. गाळ मी माघापर्यंत थोपवू शकतो, त्यापुढे नाही. खोटी नोंद झालेल्या पाण्याला दुसरी संधी एकदाच मिळते, आणि मादीचा पुरावा कायदा मानत नाही. तोवर जिवंत नराचा ठोका ऐकू आला पाहिजे. खऱ्या नराचा.” मग थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, “मला वाटलं होतं, मी मरायच्या आधी एकदा तिसरं ठिकाण पाहिलं.”

“तुम्ही पाहिलंत, सर. ते खरंच आहे.”

“आता कोण मानेल?” असं म्हणून ते गाडीकडे चालू लागले.

प्रणालीनं ‘लहरी’ मोकळ्या पाण्यातून उचललं आणि शिंगाड्याच्या पानांत, माद्या होत्या तिथं नेऊन ठेवलं. मग ती नाल्याकडे निघाली. मागून डोंग्याच्या वल्ह्याचा आवाज आला. मोठीमायनं नवं लुगडं बदलून रोजचं नेसलं होतं.

“कोठी हायेत ते नर?”

“नाल्याच्या तोंडाशी.”

“बस डोंग्यात.” तिच्या आवाजात माया नव्हती. काम होतं.

दोघींनी ते नर गोळा केले. मोठीमाय डोंगा धरे, प्रणाली जाळीनं अलगद उचले आणि ओल्या पानांनी झाकलेल्या घमेल्यात ठेवी. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. एकदा प्रणालीनं “मोठीमाय, मला” असं म्हणून पुढचं वाक्य शोधलं, पण मोठीमायनं “पाह्य, तठी एक हाये” म्हणून वल्हं वळवलं. माफी मागायलाही वाव मिळू नये, हे प्रणालीला रास्तच वाटलं.

उन्हं कलती झाली तेव्हा त्यांनी घमेलं पानांमध्ये रिकामं केलं. नर पाण्यावर पसरले आणि जागच्या जागी थांबले. जवळच, दोन पानांपलीकडे माद्या होत्या. वारा नव्हता. मोठीमायनं वल्हं आडवं ठेवलं. प्रणालीनं हातातल्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट होती.

बराच वेळ गेला. पाय तुटलेला एक नर थोडा पुढे सरकला, थांबला आणि पुन्हा मागे आला.

“काऊन ठोकत नाई तो?” मोठीमायनं विचारलं. “जागा तं मोकळी हाये.”

“त्याला अजून वाटतंय, इथं कोणीतरी आहे.”

मोठीमाय वाकून त्या किड्याकडे बघत राहिली. मग प्रणालीकडे वळली. दिवसभरात पहिल्यांदाच तिनं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“मंग सांग ना त्याले,” ती म्हणाली. “आता कोणी नाई म्हून.”

प्रणालीनं त्या नराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांचं एकच वाक्य शिकून घेतलं होतं, आणि ते सांगून झालं होतं.